झेड

राजकीय हत्या व तिच्यावर पांघरूण घालण्याचे सरकारी प्रयत्न यांवरील फ्रेंच-अल्जीरियन चित्रपट (१९६९). दिग्दर्शक कोस्ता-गाव्ह्रास.

कथेचा आधार : ग्रीसमधील डावे खासदार ग्रिगोरिस लाम्ब्राकिस यांच्यावर २२ मे १९६३ रोजी थेस्सालोनिकीत शांतता सभेनंतर तीनचाकी वाहनातून हल्ला झाला, २७ मे रोजी त्यांचा मृत्यू झाला (पहा : ग्रीस). या घटनेवरील व्हासिलिस व्हासिलिकोस यांच्या कादंबरीवरून होर्हे सेम्प्रून व दिग्दर्शकाने पटकथा रचली.

ऐतिहासिक तथ्ये : देशाचे नाव टाळले असून पात्रे मुख्यतः हुद्द्यांनी ओळखली जातात, तथापि वास्तवाशी साम्य हेतुपुरस्सर असल्याचे प्रारंभीच जाहीर केले आहे. हल्ल्याला अपघात ठरविण्याची पोलिसांची भूमिका आणि तपास न्यायाधीशाने उघड केलेले पोलीस व उजव्या टोळ्यांचे संबंध प्रत्यक्ष प्रकरणावर आधारित आहेत. संवाद व घटनांची मांडणी नाट्यीकृत आहे. ग्रीसमध्ये लष्करी राजवट (१९६७–७४) असल्याने चित्रीकरण अल्जीरियात झाले.

महत्त्व : चित्रपटाला सर्वोत्कृष्ट परभाषिक चित्रपट व संकलन यांसाठी ऑस्कर पुरस्कार मिळाले (पहा : राजकीय चित्रपट). प्रत्यक्ष तपास करणारे न्यायाधीश ख्रिस्तोस सार्तझेताकिस १९८५ ते १९९० या काळात ग्रीसचे राष्ट्राध्यक्ष होते.