एक स्वॅब कमी

भोंगा झाला, उठा! १९५० सालच्या मे महिन्यात परळमध्ये गजराचं घड्याळ लागत नाही. एका गिरणीचा भोंगा थांबतो न थांबतो तोच दुसरीचा सुरू होतो. रात्री वाळत घातलेल्या ॲप्रनवर धुराड्यांची काजळी बसलीय, ती झटका. खळ घातलेला पांढरा गणवेश चढवा, टोपीला पिना लावा. बांगड्या, अंगठी काढून ट्रंकेत ठेवा. वॉर्डातले दिवस संपले. आता बेडपॅन नाहीत, तापाचे तक्ते नाहीत. आजपासून तुमची ड्यूटी के.ई.एम. रुग्णालयाच्या ऑपरेशन थिएटरमध्ये.

दारातच वास अंगावर येतो. लायसॉलचा उग्र वास, उकळत्या रबराचा, वाफवलेल्या सुती कापडाचा आणि या सगळ्यांच्या खालून ईथरचा गोडसर, घशाशी येणारा. सर्जन यायला अवकाश आहे, पण तुम्हाला उसंत नाही.

आधी हातमोजे. इथे ते वापरून फेकत नाहीत. काल धुऊन वाळवलेल्या ढिगातला एक घ्या, मनगटाशी पीळ देऊन हवा कोंडा आणि बोटं पाण्यात बुडवा. बुडबुडा आला? तिथे भोक आहे. सायकलच्या ट्यूबला लावतात तसं जुन्या मोज्याचं ठिगळ लावा. मग आतबाहेर पावडर, मग नंबर बघून जोडी, मग कापडी पाकीट. पावडर तुमच्या घामावर बसून तिचा लगदा होतोय, होऊ द्या. अजून गॉज कापायचंय.

“कडा आत गेली पाहिजे,” इन्चार्ज सिस्टर तुमच्या हातातली घडी उलगडून दाखवतात. “सुटा दोरा पोटात राहिला तर तिथे गाठ धरते. पुन्हा कर.” तुम्ही पुन्हा करता. पाच-पाच स्वॅबची चळत, वर दोरा, चळत ड्रममध्ये. ड्रमच्या कुशीतली भोकं उघडी ठेवून तो वाफेच्या भट्टीत जातो आणि बाहेर आल्याबरोबर ती भोकं पट्टी सरकवून बंद करायची. हे विसरलात तर सकाळची सगळी मेहनत वाया.

नऊच्या सुमारास स्ट्रेचर येतं. साचेखात्यातला गडी आहे, अपेंडिक्स फुटलंय. त्याच्या केसांत कापसाची पिंज अजून अडकलेली आहे. रात्रपाळीतून उठून थेट इथे आलाय. बाहेर व्हरांड्यात त्याच्या गाळ्यातले सोबती भिंतीला टेकून बसलेत. एकाच्या मांडीवर त्याच्या चपला आहेत. स्ट्रेचरवरचा गडी तुमचा हात धरतो आणि विचारतो, “बाई, कापताना कळंल का वो?” नाही म्हणून सांगा, आणि तारेचा मास्क नाकावर येईपर्यंत हात सोडवून घेऊ नका. तेवढा वेळ तुमच्याकडे आहे.

आता उकाडा. पंखा बंद, उघड्या जखमेवर धूळ उडायला नको. वरचा दिवा तापलाय, कोपऱ्यात हत्यारांचा बॉयलर रटरटतोय. ईथर ३५ अंशांच्या आसपास उकळतं आणि बाहेर मुंबईचा मे आहे. मास्कवर पडलेल्या थेंबातला बराचसा रुग्णाच्या छातीत जायच्या आधीच हवेत उडतो. भूल देणारे डॉक्टर बाटली आणखी तिरकी करतात आणि सगळी खोली थोडीथोडी गुंगते. डोकं हलकं झालं? बुटातल्या बुटात बोटं हलवा, पोटऱ्या आवळा. पडावंसं वाटलंच तर मागे पडा, पुढे ट्रॉली आहे.

हात धुऊन टेबलापाशी उभ्या आहेत त्या सीनियर सिस्टर. तुम्ही फ्लोअरवर, म्हणजे कशालाही हात न लावता सगळं पुरवायचं. झाकण उचला, चिमट्याने वस्तू काढून द्या. कॅटगटची काचेची नळी टॉवेलात धरून मोडली की कट्‌ आवाज होतो आणि स्पिरिटचा वास सुटतो. “आर्टरी.” “मॉप.” “सिस्टर, सक्शन!” बोलणं एवढंच. पोट उघडतं तेव्हा पुवाची दुर्गंधी ईथरलाही मागे सारते. मास्कच्या आत तोंडाने श्वास घ्या.

रक्ताळलेला प्रत्येक स्वॅब बादलीत पडतो. तो चिमट्याने उचलून जमिनीवरच्या मेणकापडावर मांडायचा, पाचाची एक ओळ. भिंतीवरच्या फळ्यावर खडूने किती दिले ते लिहिलेलं आहेच.

मला थिएटरमधला सगळ्यात अवघड क्षण वाटतो तो पोट शिवण्याआधीचा. सर्जनच्या हातात सुई आलेली, रुग्णाची नाडी वेगात, सगळ्यांना संपवायची घाई. तुम्ही मोजता. मॉप बरोबर. हत्यारं बरोबर. स्वॅब... शेवटच्या ओळीत चारच. पुन्हा मोजता, पुन्हा चार. घसा कोरडा पडतो. तुम्ही या खोलीत सगळ्यात नवीन आहात आणि समोरच्या माणसापुढे आख्खा वॉर्ड उभा राहतो. बोला. मोठ्याने बोला.

“सर, एक स्वॅब कमी आहे.”

सुई थांबते. कुणी ओरडत नाही. सीनियर सिस्टर फक्त म्हणतात, “सर, थांबावं लागेल,” आणि ते थांबतात. त्यांचा हात पोटात आतड्यांच्या घड्यांमधून फिरतोय, तुम्ही गुडघ्यावर बसून टेबलाखाली, बादलीमागे, बुटांखाली शोधताय. मग मेणकापडावरच्या एका जाडसर गोळ्याकडे तुमचं लक्ष जातं. चिमट्याने कडा सोडवता. रक्ताने चिकटून दोनाचं एक झालेलं! “पाच! काउंट बरोबर, सर.”

सर्जन मान हलवून सुई टोचतात. शाबासकी कुणी देत नाही, तशी इथे पद्धत नाही. पण फळ्यावरच्या आकड्यासमोर सही करायला सिस्टर खडू तुमच्या हातात देतात.

व्हरांड्यात चपलावाला उठून उभा राहतो. शुद्धीवर येतोय, पाणी मात्र द्यायचं नाही, ओठ ओले करा, एवढं सांगा आणि आत या. रक्ताच्या कपड्यांना आधी थंड पाणी, गरम पाण्याने डाग पक्का होतो. आर्टरी चिमट्यांचे दाते ब्रशने घासा, बिजागरीत काही राहू देऊ नका. आणि हातमोजे लवकर धुवायला घ्या, दुपारी दोन हर्निया आहेत.