डोंबिवलीची सतरा आकडी संख्या

१११११११११ या संख्येला तिनेच गुणलं की उत्तर येतं १२३४५६७८९८७६५४३२१. सतरा आकडी, आणि उलटी वाचली तरी तीच. हिच्या कुळाचं नाव डेम्लो. डेम्लो हे स्टेशन होतं, जीआयपी रेल्वेवर मुंबईपासून तीस मैलांवर; आजचं डोंबिवली. दत्तात्रय रामचंद्र कापरेकरांना या संख्यांचा विचार तिथे सुचला, म्हणून त्यांनी स्टेशनचंच नाव संख्यांना दिलं.

कापरेकर डहाणूचे, जन्म १९०५. फर्ग्युसनमध्ये शिकत असताना १९२७ साली त्यांना रँग्लर परांजपे पारितोषिक मिळालं. पुढे १९३० ते १९६२ देवळालीत शाळामास्तर. पदव्युत्तर शिक्षण झालेलं नाही, तरी १९३९ मध्ये त्यांनी के. आर. गुंजीकरांबरोबर डेम्लो संख्यांची उपपत्ती मुंबई विद्यापीठाच्या नियतकालिकात छापली.

डेम्लो ओळखायची खूण अशी: संख्येचे तीन भाग पाडायचे. डाव्या आणि उजव्या भागाच्या बेरजेत जो एकच अंक येतो, तोच मधल्या भागात हवा. १६५ मध्ये १ आणि ५ मिळून ६, मध्येही ६. २५५३ मध्ये २ आणि ३ मिळून ५, मध्ये ५५. आता ही सतरा आकडी घ्या: १२३४५६७८ आणि ८७६५४३२१ यांची बेरीज ९९९९९९९९, मध्ये ९. नुसत्या एकांच्या संख्यांचे असे वर्ग, १२१, १२३२१, १२३४३२१, यांना कापरेकर ‘वंडरफुल’ डेम्लो म्हणत.

हे का घडतं, ते इथे धायरीत शिकवणीच्या मुलांना मी सूत्राने सांगत नाही, गुणाकार मांडायला लावतो. एकांच्या ओळी एकाखाली एक, प्रत्येक ओळ एक घर डावीकडे. मग उभी बेरीज: कडेच्या घरात एकच एक, पुढच्यात दोन, मधोमध नऊ, आणि तिथून उतरण. हातचा कुठेच येत नाही. सगळं सौंदर्य त्यावरच उभं आहे! दहावा एक वाढवला की मधल्या घरात दहा होतात, हातचा शेजारच्या नवाला जाऊन त्याचेही दहा करतो, पुढचा आठ नऊ होतो. उत्तर १२३४५६७९००९८७६५४३२१, चढणीतला आठ गायब. मुलं तो शोधत बसतात, आणि मला तो क्षण फार आवडतो.

जगाने कापरेकरांकडे पाहिलं ते १९७५ मध्ये, मार्टिन गार्डनरने सायंटिफिक अमेरिकनमध्ये त्यांच्यावर लिहिलं तेव्हा. आज ते बहुतेकांना ६१७४ मुळे माहीत आहेत. माझं मन मात्र डेम्लोत गुंततं, कारण तिथे त्यांचंच दुसरं अपत्य भेटतं: हर्षद संख्या, म्हणजे स्वतःच्या अंकांच्या बेरजेने निःशेष भागली जाणारी. या सतरा आकडीच्या अंकांची बेरीज ८१. भागून पाहा: १५२४१५७८९९७१०४१, बाकी शून्य. एक ते नऊ एकांच्या वर्गांत हे जमतं ते फक्त १, १२३२१ आणि हिलाच.