रीसेटनंतरही टिकणारी डिस्क

कमोडोर कंपनीचा अमिगा संगणक २३ जुलै १९८५ रोजी न्यू यॉर्कच्या लिंकन सेंटरमध्ये लोकांपुढे आला. अँडी वॉरहॉलनं त्याच मंचावर गायिका डेबी हॅरीचं चित्र या मशीनवर रंगवलं. या समारंभाचे किस्से आजही सांगितले जातात. मशीन घरी नेणाऱ्यांचे हाल मात्र फारसे कुणी सांगत नाही.

१९८७ साली आलेल्या, सामान्य कुटुंबाला परवडेल अशा अमिगा ५०० मध्ये ५१२ केबी मेमरी आणि ८८० केबीच्या फ्लॉपीचा एक ड्राइव्ह होता. हार्डडिस्क सोबत नव्हती, वेगळी घ्यायची तर महाग. त्यामुळे साधी आज्ञा दिली तरी ती फ्लॉपीवरून वाचली जाई. एक ड्राइव्ह असल्यानं डिस्का सतत अदलाबदल करत बसायचं.

त्यात दुसरं दुखणं. अमिगा एकाच वेळी अनेक प्रोग्राम चालवी, पण एकाची मेमरी दुसऱ्यापासून राखायला भिंतच नव्हती. एक प्रोग्राम चुकला की सगळं कोसळे आणि काळ्या पडद्यावर लाल चौकटीत ‘गुरू मेडिटेशन’ लुकलुके. तासन् तास रंगवलेलं चित्र फ्लॉपीवर उतरवलेलं नसेल तर गेलंच.

मेमरीचा थोडा भाग डिस्कसारखा वापरण्याची सोय, म्हणजे रॅम डिस्क, अमिगात आधीपासून होती. ती वेगवान आणि गरजेप्रमाणे फुगणारी. पण रीसेट झालं की रिकामी. १९८८ मध्ये वर्कबेंच १.३ सोबत ‘रॅड’ आली. ही रीसेटनंतरही टिके.

ती उभी करायला ‘माउंटलिस्ट’ नावाच्या साध्या मजकुराच्या फाइलमध्ये डिस्कचं वर्णन लिहावं लागे: दोन बाजू, प्रत्येक ट्रॅकवर ११ ब्लॉक, ब्लॉक ५१२ बाइटचा. म्हणजे एका सिलिंडरला ११ केबी. शून्यापासून ७९ पर्यंत सिलिंडर दिले की बरोबर ८८० केबी, अख्खी फ्लॉपी. २१ वर थांबलं तर २४२ केबी. वाढीव मेमरी घालून १ एमबी केलेल्यांनाही हा लहान आकारच झेपे, कारण रॅड आपली जागा आधीच अडवून बसते. मग ‘माउंट’ची आज्ञा द्यायची आणि लागणाऱ्या फायली तिथं उतरवायच्या. किकस्टार्ट १.३ ची चिप असेल तर मशीन थेट रॅडवरूनच सुरू करता येई. फ्लॉपीची घरघर ऐकत बसलेल्या माणसाला हे केवढं सुख असेल!

हे घडे कसं? कंट्रोल आणि दोन्ही अमिगा कळा एकदम दाबल्या तर वीज जात नाही, म्हणून मेमरीतला मजकूर जागेवर राहतो. पुसला जातो तो ‘कुठली जागा कुणाची’ हा हिशेब. तो नव्यानं मांडण्याआधी अमिगाचा गाभा, एक्झेक, एका यादीकडे पाहतो. यादीची बेरीज जुळली तर त्यातली जागा इतर कुणाला देण्याआधी मूळ मालकासाठी राखून ठेवतो. अमानत सांभाळावी तसं. बेरीज चुकली तर यादीच रद्द. पण ही बेरीज यादीची, आतल्या फायलींची नव्हे. कोसळता प्रोग्राम रॅडच्या ब्लॉकांवरही रेघोट्या ओढू शके. भरवसा होता, हमी नव्हती.

रीसेटनंतर टिकण्याच्या सोयी इतरांनाही खुल्या होत्या. रॅडच्या आधीच, १९८७ मध्ये, ‘एससीए’ नावाचा व्हायरस पसरला. हा फ्लॉपीच्या बूटब्लॉकात बसे. अशा फ्लॉपीवरून मशीन सुरू केलं की एक्झेकच्याच दुसऱ्या एका खुणेत आपला पत्ता लिहून तो रीसेट पार करी आणि पुढच्या फ्लॉपीला चिकटे. कळा दाबून तो जात नसे. वीजच बंद करावी लागे, आणि वीज बंद केली की रॅडही जाई. सोय आणि रोग यांचं औषध एकच!

म्हणून जाणते लोक रॅडमधलं काम वरचेवर फ्लॉपीवर उतरवत, रीसेटआधी ती फ्लॉपी बाहेर काढत, आणि अनोळखी डिस्कवरून मशीन सुरू केलं असेल तर थोडा वेळ बटण बंदच ठेवत. ज्या फ्लॉपीवर काही लिहायचं नाही, तिची खिटी सरकवून लिहिण्याची वाट अडवून टाकत.