वार्ता, पोवाडा आणि चवदार तळे

मराठी ख्रिस्ती माणसाला ‘वर्तमान’ हा शब्द दोन ठिकाणी भेटतो. चर्चमध्ये तो शुभवर्तमान ऐकतो आणि घरी वर्तमानपत्र वाचतो. घडलेली गोष्ट चार जणांस सांगावी, हाच दोहोंचा हेतू. ती गद्यातच सांगावी हा दंडक मात्र अलीकडचा. फादर थॉमस स्टीफन्स यांचे ‘ख्रिस्तपुराण’ १६१६ साली गोव्यात छापले गेले. त्यात त्यांनी पवित्र शास्त्रातील कथा सुमारे अकरा हजार ओव्यांत गुंफली, कारण येथील कानांना ओवीची सवय होती. कला एकीकडे आणि वार्ता दुसरीकडे अशी वाटणी तेव्हा झाली नव्हती. काही प्रदेशांत ती पुढेही पुरती झाली नाही. महाड आणि पोलादपूर हा असाच एक प्रदेश. रायगड जिल्ह्यातील आपली जुनी वस्ती कोर्लईसारख्या किनाऱ्यावरच्या गावी. सावित्रीच्या खोऱ्याशी आपला संबंध तुटपुंजाच. तरीही या खोऱ्याचा इतिहास आपण वाचावा असे आम्हांस वाटते. त्याचे कारण पुढे येईलच.

पोलादपूर तालुक्यातील उमरठ हे तानाजी मालुसरे यांचे गाव. त्यांची समाधी तेथेच आहे. फेब्रुवारी १६७० मध्ये कोंढाणा घेताना ते पडले. ही वार्ता महाराष्ट्रभर राहिली ती शाहीर तुळशीदासाच्या पोवाड्यामुळे. ॲक्वर्थ आणि शाळिग्राम यांनी १८९१ साली पोवाड्यांचा संग्रह प्रसिद्ध केला, त्यात तो वाचावयास मिळतो. शाहिराची वार्ता तंतोतंत असतेच असे नाही. तानाजींच्या मरणामुळे गडाला ‘सिंहगड’ हे नाव पडले असे लोक मानतात. पण १६७० च्या आधीच्या पत्रांतही ते नाव आढळते. इतिहासकाराने ही चूक जरूर दाखवावी. मात्र ज्या गावाचे नाव बखरकारही विसरला असता, ते तीन शतके लोकांच्या ओठी ठेवले ते डफ-तुणतुण्यानेच, हेही त्याने त्याच पानावर लिहावे.

वार्ता बिघडली म्हणजे काय होते, हे महाडने १९२७ साली पाहिले. सार्वजनिक पाणवठे अस्पृश्यांस खुले करावेत असा रावबहादूर सी. के. बोले यांचा ठराव मुंबई कायदे कौन्सिलने १९२३ साली मंजूर केला होता. महाड नगरपालिकेने त्यास अनुसरून पुढल्या वर्षी चवदार तळे खुले केले, पण ते कागदावरच. १९ आणि २० मार्च १९२७ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांच्या अध्यक्षतेखाली महाडला परिषद भरली. दुसऱ्या दिवशी मिरवणूक तळ्यावर गेली आणि लोकांनी पाणी प्याले. इतकेच घडले होते. परंतु गावात हूल उठली की, हे लोक आता वीरेश्वराच्या देवळात शिरणार. त्या एका खोट्या वार्तेवर काठ्या निघाल्या आणि मंडपात जेवावयास बसलेल्या माणसांची डोकी फुटली. पुढे पंचगव्य ओतून तळे ‘शुद्ध’ करण्यात आले.

पंधरवडा उलटतो न उलटतो तोच, ३ एप्रिल १९२७ रोजी, बाबासाहेबांनी ‘बहिष्कृत भारत’ हे पाक्षिक सुरू केले. खोट्या वार्तेला उत्तर द्यावयाचे तर आपले पत्र हवे. त्या पत्राच्या शिरोभागी बाबासाहेबांनी ज्ञानेश्वरांची ओवी घातली. १९२० च्या ‘मूकनायका’वर तुकोबांचा अभंग होता. एवढ्या तातडीच्या लढ्याचे पत्रही आपल्या भाषेतील कवितेला सोबत घेऊन निघाले, हे आम्हांस फार महत्त्वाचे वाटते.

आता ते कारण. त्याच वर्षी डिसेंबरात दुसरी परिषद भरली. मंडपासाठी जागा मिळेना; ती फत्तेखान नावाच्या मुसलमान गृहस्थाने दिली. बाबासाहेब ‘पद्मावती’ आगबोटीने दासगाव बंदरात उतरले व तेथून पायी महाडला गेले. त्याच रात्री मनुस्मृतीचे दहन झाले. ठराव मांडणारे गंगाधर नीळकंठ सहस्रबुद्धे हे ब्राह्मण होते. तो दिवस होता २५ डिसेंबर.

आपल्याकडे त्या दिवशी नाताळची मिस्सा झाली असेल, गव्हाणीपुढे गाणी म्हटली गेली असतील. गव्हाणीत जन्मलेल्या बाळाची वार्ता प्रथम मेंढपाळांस मिळाली, हे प्रवचन आपण दरवर्षी ऐकतो. महाडच्या मंडपाची वार्ता मात्र आपल्या नाताळ अंकांतून क्वचितच येते. ती आपल्याला परकी वाटावी असे आपले घरही निर्मळ नव्हते. गोव्यातील चर्चच्या कोंफ्रारिया अनेक ठिकाणी जातवार वाटलेल्या होत्या. तमिळनाडूत काही ठिकाणी ख्रिस्ती दफनभूमीतही भिंत उभी राहिली. एकाच वेदीपुढे गुडघे टेकणाऱ्यांची ही कथा आहे.

महाडची गोष्ट पुढे गावोगाव नेली ती आंबेडकरी जलशांनी. सत्यशोधकांच्या जलशाचा आणि तमाशाचा साचा त्यांनी घेतला, पण जुन्या गण-गौळणीच्या जागी शिक्षण, पाणी आणि मानवी हक्क यांची गाणी आली. नाशिककडील भीमराव कर्डक हे त्यांतील अग्रणी. वर्तमानपत्र ज्यास वाचता येत नव्हते, त्यास रात्रीच्या जलशात अंक ऐकावयास मिळे, असे म्हटले तरी चालेल. तळ्याचा खटला मुंबई हायकोर्टात १७ मार्च १९३७ रोजी अस्पृश्यांच्या बाजूने संपला. निकालपत्र थोड्यांनी वाचले. गाणी सर्वांना पाठ होती.

या खोऱ्याच्या वार्ता अलीकडे दुःखाच्याच अधिक. २००५ च्या जुलैत दासगाव आणि जुई येथे दरडी कोसळल्या. २ ऑगस्ट २०१६ रोजी सावित्रीवरील जुना पूल एस. टी. गाड्यांसह वाहून गेला. २२ जुलै २०२१ रोजी तळिये गावावर डोंगर आला आणि ऐंशीहून अधिक माणसे गेली. दूरदर्शनच्या वाहिन्या आल्या, आठवड्यात परतल्या. चवदार तळ्याकाठी मात्र दर २० मार्चला पुस्तकांची दुकाने लागतात, शाहीर उभे राहतात आणि १९२७ ची वार्ता नव्याने सांगतात. आणि २५ डिसेंबर हा दिवस अनेक महिला संघटना भारतीय स्त्रीमुक्ती दिन म्हणून पाळतात, आपल्या घरांतून करंज्यांची ताटे शेजारी जात असतात त्याच दिवशी.