पेवात कोण उतरलं

आजोबा आणि त्यांचे थोरले भाऊ, दोघांनी भागीत काढलेलं हळदीचं अडत दुकान सांगलीत होतं. ते मी पाहिलेलं नाही. सगळं आत्याकडून ऐकलेलं. माल हरिपूरच्या पेवांत असे. जमिनीत खोल खणलेल्या त्या पेवाचं तोंड लिंपून टाकलं की आत हवा नाही, म्हणून कीडही नाही. हळद वर्षानुवर्षं टिके. पण पेव उघडून लगेच उतरलेला माणूस गुदमरून मरायचा. म्हणून बराच वेळ तोंड मोकळं ठेवायचं, मग दोरीनं कंदील आत सोडायचा. तो विझला नाही, तर आधी घरचा माणूस उतरणार, हमाल त्याच्यामागून. हा दंडक थोरल्या आजोबांचा. उतरायचे मात्र आमचे आजोबा, कारण ते धाकटे.

दिवाणजींचा पगार ठरलेला, हमाली पोत्यामागे, शेतकऱ्याची पट्टी त्याच दिवशी. सोयरा माल घेऊन आला तरी अडत तेवढीच. आत्या हे अभिमानानं सांगते, आणि तो अभिमान रास्त आहे. धाकट्या भावाला मात्र पगार नव्हता. घरच्याला कसला पगार? लागतील तसे पैसे मागायचे. थोरल्यांनी कधी नाही म्हटलं नाही. पण बारा महिने राबून आत्याच्या फीसाठी गल्ल्यापाशी उभं राहायचं, हे आजोबांना फार लागायचं.

वाटणीच्या वेळी वह्या उघडल्या, तेव्हा खरी गोष्ट कळली. आजोबांची प्रत्येक उचल त्यांच्या नावे पडलेली, थोरल्यांच्या घरचा किराणा, कापडचोपड दुकानखर्चात. यात लबाडी होती असं मला वाटत नाही. गादीवर बसणाऱ्याला आपलं घर आणि दुकान एकच वाटू लागतं, आणि दिवाणजी त्याला विचारत नाहीत. वकिलांनी 1932चा भागीदारी कायदा दाखवला. भागीदारांनी परस्परांशी सचोटीनं वागावं, खरे हिशेब द्यावेत, असं त्यात आहे; त्या आधारावर किराण्याचा हिशेब फिरवता आला. पण करार नसेल तर भागीदाराला कामाचा मेहनताना मिळत नाही, हेही त्यातच आहे. पेवात उतरल्याचे पैसे कुठून मिळणार? मुक्कामी शेतकऱ्यांना भाकरी थापून घालणाऱ्या आजीचा तर विषयच निघाला नाही.

माझ्या चुलतभावांनी पुन्हा एकत्र धंदा काढला, तेव्हा भागीदारीपत्रात प्रत्येकाचा पगार लिहिला. जीएसटीचं काम बघणाऱ्या वहिनीचाही. आत्यानं ते पत्र चष्मा लावून वाचलं आणि विचारलं, "घरचा किराणा कुणाच्या नावे टाकणार?"