क्षत्रपांची नाणी ओळखतात कशी?

नांदगाव : शेत नांगरताना किंवा विहीर खोदताना जुन्या नाण्यांचा घडा सापडला, की पहिली चौकशी होते ती चांदीच्या वजनाची. इतिहासाच्या दृष्टीने महत्त्वाचा प्रश्न मात्र वेगळाच असतो. ही नाणी पाडली कोणी? नाशिक जिल्ह्यातच सापडलेल्या एका साठ्याने त्याचे उत्तर शोधण्याचा मार्ग दाखविला आहे.

१९०६ मध्ये नाशिकजवळील जोगलटेंभी येथे चांदीची सुमारे १३ हजार २५० नाणी मिळाली. ती क्षहरात वंशातील नहपानाची होती. मात्र त्यांपैकी दोन तृतीयांशांहून अधिक नाण्यांवर सातवाहन राजा गौतमीपुत्र सातकर्णी याने आपला ठसा पुन्हा उमटविला होता.

राजा की क्षत्रप?

'क्षत्रप' हा शब्द मूळचा इराणी. त्याचा अर्थ प्रांताधिकारी. नहपानाच्या चांदीच्या नाण्यांवर ग्रीक, ब्राह्मी व खरोष्ठी या तीन लिप्यांत मजकूर आहे. पण त्यात तो स्वतःला केवळ 'राजा' म्हणवितो. नाशिकच्या पांडवलेणीत त्याचा जावई उषवदात याच्या लेखांत तो 'क्षत्रप' आहे, तर जुन्नर येथील अमात्य अयमाच्या ४६ व्या वर्षाच्या लेखात 'महाक्षत्रप'. म्हणजेच अधिकारपद ठरविण्यास एकटे नाणे पुरत नाही, शिलालेखांचीही साक्ष लागते.

भूमकाची गोष्ट याउलट आहे. त्याच्या तांब्याच्या नाण्यांवर 'क्षत्रप' हे पद स्पष्ट आहे. क्षहरात हे कुलनाम आणि बाण व वज्र ही चिन्हे दोघांच्याही नाण्यांवर असल्याने त्याचा नहपानाशी संबंध जोडला जातो. दोघांचे नाते मात्र कोणत्याही लेखात नमूद नाही.

ही अडचण केवळ भारतापुरती नाही. एके काळी आर्मेनियाचा क्षत्रप असलेल्या तिरिबाझसच्या नावाची नाणी सिलिसियातील शहरांत पाडलेली आहेत. त्यामुळे नाण्यावरील नावाइतकेच टांकसाळीचे ठिकाणही तपासावे लागते.

साठा अखंड असण्याचे मोल

जोगलटेंभीच्या नाण्यांवर नाव एकच असले तरी चेहरे निरनिराळे आहेत. हजारो नाणी एकत्र मिळाल्यानेच हा भेद लक्षात आला. ते घराण्यातील निरनिराळ्या व्यक्तींचे असावेत, असे मत साठ्याचा अभ्यास करणारे रेव्हरंड स्कॉट यांनी मांडले होते. सातवाहनांचे चैत्य व उज्जयिनी चिन्ह नहपानाच्या मुद्रेवर उमटलेले असल्याने कोण आधी व कोण नंतर, हेही निश्चित झाले. पांडवलेणीतील गौतमी बलश्रीच्या लेखात क्षहरातांच्या उच्छेदाचा उल्लेख आहे. त्याला या नाण्यांनी दुजोरा दिला.

साठा वितळला वा सुटा विकला गेला, तर हा पुरावा कायमचा नष्ट होतो. १८७८ च्या निखात निधी कायद्यानुसार दहा रुपयांहून अधिक किमतीचे गुप्तधन सापडल्यास त्याची लेखी सूचना जिल्हाधिकाऱ्यांना देणे बंधनकारक आहे. नाणी न घासता, न धुता, भांड्यासह जशीच्या तशी ठेवावीत आणि सापडल्याची नेमकी जागा नोंदवावी.