कुलूप आणि खरेदीदार

आमच्या पिढीने शेजाऱ्याकडची कॅसेट आणून डबल डेकवर उतरवून घेतली आहे. त्या प्रतीवरून पुन्हा प्रत काढली की खरखर वाढे. चौथ्या प्रतीत गायकाचा आवाज पार दबून जाई. नकलेला ही आपोआपच मर्यादा होती. डिजिटल मुद्रणाने ती पुसली. शंभरावी प्रतही पहिलीइतकीच स्वच्छ. ध्वनिमुद्रण कंपन्यांच्या भीतीचे मूळ इथे आहे, आणि ती भीती निराधार नव्हती. प्रश्न आहे तो त्यांनी योजलेल्या उपायाचा.

अमेरिकेच्या १९९२च्या कायद्याने डिजिटल ध्वनिमुद्रण यंत्रांत एक अडसर सक्तीचा केला : मूळ मुद्रणाची प्रत निघेल, प्रतीची प्रत निघणार नाही. १९९८मध्ये ‘डायमंड मल्टिमीडिया’ने ‘रिओ पीएमपी३००’ आणला. कॅसेटएवढे यंत्र, ३२ मेगाबाइट मेमरी. दर्जा थोडा उतरवला तर तासाभराचे संगीत. त्यात हा अडसर नव्हता. कंपन्यांची संघटना कॅलिफोर्नियातील न्यायालयात गेली. २६ ऑक्टोबरला न्यायालयाने विक्री रोखण्यास नकार दिला. जून १९९९मध्ये अपील न्यायालयानेही तोच कौल दिला. रिओ गाणी घेतो ती संगणकाच्या हार्ड डिस्कवरून, आणि ती डिस्क या कायद्याच्या कक्षेत येत नाही. शिवाय स्वतःकडचे संगीत सोबत नेण्यासाठी केलेली प्रत हा खासगी वापर होय, असे न्यायालयाने म्हटले.

कंपन्या खटला हरल्या. पण त्या पहिल्या निकालानंतर दोनच दिवसांनी, २८ ऑक्टोबर १९९८ रोजी, अध्यक्ष क्लिंटन यांनी ‘डिजिटल मिलेनियम कॉपीराइट अ‍ॅक्ट’वर सही केली. आता डिजिटल कुलूप तोडणे हेच बेकायदा ठरले, मग आतली वस्तू तुम्ही पैसे मोजून घेतलेली का असेना.

या कायद्याचा खरा लाभ कोणाला झाला? ‘अ‍ॅपल’चा आयपॉड २००१मध्ये आला आणि २८ एप्रिल २००३ रोजी त्यांचे गाण्यांचे दुकान उघडले. गाणे ९९ सेंटला. कंपन्यांनी गाणी दिली ती कुलपाच्या अटीवर. अ‍ॅपलने ‘फेअरप्ले’ नावाचे कुलूप लावले आणि किल्ली स्वतःकडे ठेवली. त्यामुळे इथले गाणे इतर कंपन्यांच्या प्लेअरवर वाजेना. २००४मध्ये ‘रिअलनेटवर्क्स’ने आपली गाणी आयपॉडवर वाजवण्याची युक्ती काढली, तेव्हा अ‍ॅपलने याच कायद्याचा बडगा दाखवला आणि पुढे सॉफ्टवेअर बदलून काही आयपॉडवर ती गाणी बंद पाडली. चोरासाठी घडवलेले कुलूप स्पर्धकाच्या दाराला लागले.

६ फेब्रुवारी २००७ रोजी स्टीव्ह जॉब्ज यांनी खुले पत्र लिहून कुलपे काढण्याची मागणी केली. त्यांचा हिशेब मासलेवाईक आहे. विकलेले आयपॉड ९ कोटी, विकलेली कुलूपबंद गाणी २०० कोटी. म्हणजे एका यंत्रामागे २२. त्याच्या आदल्या वर्षी याच कंपन्यांनी सीडीवर २००० कोटींहून अधिक गाणी विनाकुलूप विकली होती. पुढचे दार सताड उघडे ठेवून खिडकीला कडी घालण्याचाच हा प्रकार. एप्रिलमध्ये ‘ईएमआय’ने माघार घेतली, जानेवारी २००९मध्ये उरलेल्या बड्या कंपन्यांनीही.

दरम्यान २००८मध्ये ‘मायक्रोसॉफ्ट’ने जाहीर केले, की बंद पडलेल्या ‘एमएसएन म्युझिक’च्या गाण्यांना ३१ ऑगस्टनंतर नव्या संगणकासाठी परवाना मिळणार नाही. ओरड झाल्यावर मुदत वाढली. पण जुना संगणक बदलला की विकत घेतलेले संगीत मुके होऊ शकते, हे ग्राहकाला तेव्हा कळले. ज्याने फुकट उतरवून घेतले, त्याला ही धास्ती कधीच नव्हती.

आपल्याकडे २०१२च्या दुरुस्तीने कॉपीराइट कायद्यात कलम ६५-अ आले. कुलूप तोडणाऱ्याला दोन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. मात्र त्याचा हेतू हक्कभंगाचा असला पाहिजे. अमेरिकेच्या कायद्याने कुलपाकडे पाहिले, आपल्या कायद्याने निदान तोडणाऱ्याच्या हेतूकडे तरी पाहिले. हा फरक मला मोलाचा वाटतो. आज बहुतेक जण गाणे विकत घेतच नाहीत, महिन्याचे भाडे भरतात. भाडे थांबले की गाणेही थांबते आणि त्यात कोणाला वावगे वाटत नाही. रिओच्या खटल्यात ‘माझ्याकडचे संगीत’ या शब्दांना अर्थ होता. माझ्या कपाटातल्या कॅसेटींना तो अजून आहे.